ग्यारंटीचा तेरावा महिना

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. दुष्काळ आमच्या घरचाच. तेरावा महिना मात्र आम्ही लातुरातून रोख पैसे मोजून विकत आणला.

त्याचे असे झाले. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू होणार होते. आईने जन्मात स्वतःसाठी काही मागितले नव्हते, एकदाच म्हणाली, “राम बघावा म्हनते.” नांदेडात दुकाने नव्हती असे नाही. पण लातूरला आमचे मेहुणे होते, मेहुण्यांच्या ओळखीचा दुकानदार होता आणि त्या दुकानदाराकडे दोनशे रुपये कमी पडत होते. एवढ्या कारणांपुढे शहाणपण टिकत नाही. गंजगोलाईजवळून घेतलेला, लाकडी पेटीतला तो कृष्णधवल टीव्ही एस.टी.त मांडीवर घेऊन आम्ही चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला पोचलो. उतरलो तेव्हा टीव्ही शाबूत होता, मांड्या नव्हत्या.

पुढचे वर्षभर दर रविवारी सकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसे बसत. आई टीव्हीला हळदकुंकू वाही आणि कुणी कुठे बसायचे ते ठरवी. आयुष्यभर गल्लीत ‘मास्तरची आई’ म्हणून वावरलेली बाई पहिल्यांदाच कुणीतरी झाली होती.

1988 च्या फेब्रुवारीत, रावण अजून जिवंत असताना, टीव्ही गेला.

कार्ड खिशात घालून लातूर गाठले. दुकानदाराने आधी चहा पाजला. (लातुरात नाही म्हणायचे असले की आधी चहा येतो, असा माझा अनुभव आहे.) मग म्हणाला, “मास्तर, तारीख बघा की. बारा महिने लिहिलंय. हा तेरावा चाललाय.” मी तारीख बघितली. खरेच तेरावा होता. मेहुण्यांनीही बघितली. छापील अक्षरापुढे आमच्या घराण्यात आजवर कुणी तोंड उघडलेले नाही.

खरे तर ही तारखेची भानगड फार जुनी नव्हे. आमच्या आजोबांच्या तांब्याच्या घागरीला ग्यारंटी नव्हती. गळली की तांबटाकडे जायची आणि पुन्हा पाणी भरायला लागायची. वस्तूने कधी मरावे हे माणसाने ठरवायची विद्या साहेबाची. 1924 मध्ये बड्या बल्बवाल्या कंपन्यांनी जिनिव्हात एकी करून ठरवले, की बल्बने हजार तासच जळायचे. त्याआधी दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब होते. जास्त टिकाऊ बल्ब काढणाऱ्या कंपनीला चक्क दंड होई! आमच्या शाळेत जास्त हुशार पोराला छड्या मारल्या असत्या तर जसे झाले असते, तसेच हे.

तर टीव्ही नांदेडला परत आला आणि वजिराबादेतल्या एका रेडिओवाल्याने उघडला. भिंगातून बघून तो म्हणाला, “सर, हा टाका कारखान्यातच कच्चा मारलाय. आज ना उद्या सुटणारच होता. सुटला अन् पुढचा पार्टबी घेऊन गेला.” मी मान डोलावली, पार्टची किंमत ऐकून ती डोलायची थांबली, आणि घरी आलो. चूक झाली ती इथे. ते वाक्य मी कागदावर लिहून घेतले नाही.

कारण तोवर देशात कायदा आलेला होता. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली, तेव्हा ग्राहकाला हक्क असतात हे ऐकून दुकानदारांइतकेच ग्राहकही चकित झाले असतील. पुढे 1986 च्या 24 डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि 1987 मध्ये तो लागू झाला. म्हणजे मी लातुरात चहा पीत होतो तेव्हा तो कायदा जिवंत होता. फक्त मला आणि दुकानदाराला भेटला नव्हता. जिल्ह्याजिल्ह्यांत मंच बसायलाही वेळच लागला. सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारांच्या मागे लागावे लागले.

त्या कायद्यात ‘दोष’ म्हणजे काय ते लिहिले होते, आणि त्यात बारा महिने हा शब्द कुठेही नव्हता. कार्डावरची तारीख ही कंपनीने फुकट दुरुस्ती करायच्या वचनाची. कच्चा टाका तर पावती फाडण्याआधीचा! तो तेराव्या महिन्यात जन्मला नाही, तेराव्या महिन्यात उघडा पडला. अर्थात तो कारखान्यातलाच आहे हे दाखवावे लागते. आपण स्टॅबिलायझर न लावता टीव्ही जाळला असेल, तर कायदा काय करणार?

तो टीव्ही दिवाळीपर्यंत मुका राहिला. रावण जुलैत मेला. आईने तो शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून बघितला. आत जागा होती, “या की आत” असेही ते म्हणाले. ती गेली नाही.

परवा लातूरहून भाच्याचा फोन आला. “मामा, फ्रीज बंद पडलाय. दुकानदार म्हनतोय, वॉरंटी मागच्या महिन्यात संपली.” मी एवढ्या जोरात ओरडलो की फोनची गरज उरली नाही. मेकॅनिककडून लिहून घे! आता 2019 चा नवा कायदा आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही लागत नाही. भाचा गुणी. त्याने मेकॅनिकचा कागद जोडून कंपनीला नोटीस धाडली. महिनाभराने कॉम्प्रेसर बदलून मिळाला, वर ‘केवळ सद्भावनेपोटी’ असे पत्र.

आईची पावती अजून तिच्या पोथीत आहे, शाई जशीच्या तशी. भाच्याची पावती मात्र त्या गुळगुळीत कागदावरची. वर्षाच्या आत पार कोरी झाली होती. नशीब, सुनबाईने घेतल्या दिवशीच तिचा फोटो काढून ठेवला होता.