दारातली गाडी आणि तिच्यावरचं नाव



आपल्या वर्ध्याकडे दारासमोर कोणती गाडी येऊन थांबली, यावरून नुसता पाण्याचा तांब्या न्यायचा की चुलीवर चहाचं आधण ठेवायचं, हे घरातल्या बायांना पूर्वी न सांगता कळत असे. बंडी आली तर शेतातलं माणूस. रेंगी आली तर पाहुणा. आणि छत घातलेली दमणी आली, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा वाजल्या, म्हणजे मालगुजार तरी असणार, नाहीतर व्याही. चाकं तिन्हींना दोनच, बैलही दोनच. मान मात्र वेगवेगळा.

हे आधी सांगायचं कारण असं की, आज ज्या मोटारींची गोष्ट करायची आहे त्यांचा सगळा व्यापार याच हिशेबावर उभा होता. डॉज, प्लिमथ, शेव्हरलेट, ब्यूक. त्या लांबरुंद अमेरिकन सेडान मोटारी तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या असतील. पुढे सलग बाक, त्यावर ड्रायव्हरसकट तिघं; गियरचा दांडा स्टीअरिंगपाशी, म्हणून मधल्या माणसाच्या गुडघ्यांना अडचण नाही. मागच्या बाकावर तिघं ऐसपैस, आणि मुलं मोठ्यांच्या पायांशी. लग्नसराईत अशी मोटार मांडवापाशी थांबली की तिच्यातून किती माणसं उतरतात ते मोजायचा आम्हा पोरांचा खेळच असे. आजच्या मोटारी तिच्याहून चांगल्या आहेत, पेट्रोल कमी पितात, हे सगळं मान्य. पण ती ऐसपैस बैठक आठवली की जीव हळहळतो, हेही खरं.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांचा हिशेब अगदी सरळ होता. गाडी एकच करायची, ती सगळ्यांनी घ्यायची आणि किंमत उतरवत न्यायची. 1908 मध्ये त्यांची टी मॉडेल निघाली तेव्हा ती 850 डॉलरला होती; 1920 नंतर तिचा साधा नमुना 300 डॉलरच्याही खाली आला. 1927 मध्ये ती बंद होईपर्यंत दीड कोटी गाड्या तयार झाल्या. शेतकऱ्याची आणि डॉक्टरची गाडी एकच! आपल्या भाषेत सांगायचं तर मालगुजार आणि सालदार दोघांच्या दारात सारखीच बंडी.

जनरल मोटर्समधल्या आल्फ्रेड स्लोन यांनी ओळखलं की माणसाला हे फार दिवस रुचणार नाही. 1921 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर किमतींची शिडी आखली. तिला सहा पायऱ्या होत्या: सर्वांत खालची 450 ते 600 डॉलरची, सर्वांत वरची 2500 ते 3500 ची. दोन पायऱ्यांत फट ठेवायची नाही, आणि घरच्याच एका गाडीने दुसरीचं गिऱ्हाईक पळवायचं नाही. पुढे ही शिडी पाच नावांवर स्थिरावली. खाली शेव्हरलेट, मग 1926 मध्ये आलेली पॉन्टिॲक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्यूक, आणि माथ्यावर कॅडिलॅक. कारकुनाने शेव्हरलेट घ्यावी, बढती मिळाली की पॉन्टिॲककडे बघावं, आणि म्हातारपणी जमलं तर कॅडिलॅकमधून हिंडावं. शिवाय दर वर्षी गाडीचं रूप थोडं पालटायचं, म्हणजे धडधाकट गाडीसुद्धा शेजाऱ्यासमोर जुनी दिसू लागते. क्राइसलर कंपनीनेही 1928 मध्ये तशीच शिडी उभारली. प्लिमथ आणि डिसोटो ही दोन नावं नवी काढली आणि डॉज विकत घेतली. शिडी वाढली तशा गाड्याही वाढल्या. 1959 ची कॅडिलॅक 225 इंच लांब होती, म्हणजे अठरा फूट नऊ इंच. आपल्या कित्येक घरांची ओसरीसुद्धा एवढी नसते.

ही नावं आपल्याकडे आली ती मुंबईच्या बंदरातून. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना काढला. परदेशातून खोक्यांत सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. फोर्डनेही पाठोपाठ मुंबईत तसंच केलं. जोडणी आपली, पण त्यातला साधा बोल्टही आपला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना हेच सलत होतं. इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनी 1930 नंतर मोटार कारखान्याची योजना मांडली होती, ती वालचंदांनी उचलून धरली. 1940 मध्ये त्यांनी क्राइसलरशी करार केला. पण महायुद्ध सुरू झालेलं, आणि इंग्रज सरकारला हिंदी माणसाचा मोटार कारखाना नको होता. मग 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. ज्या साली देश स्वतंत्र झाला त्याच साली! इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच धंद्यात राहावं, असं सरकारचं धोरण 1953 मध्ये ठरलं, तेव्हा शिवडीचा कारखाना दुसऱ्याच वर्षी बंद झाला. कुर्ल्याचा टिकला. वालचंदांना मात्र ते पाहता आलं नाही. 1953 च्या एप्रिलमध्येच ते वारले.

आता खरी मौज पुढेच आहे. कुर्ल्याहून प्लिमथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांच्या मोटारी निघत. क्राइसलरने परदेशांसाठी केलेल्या या जुळणीत मोटार मुळात एकच, प्लिमथची. समोरची जाळी, कडेच्या पट्ट्या आणि नावाची अक्षरं तेवढी निराळी. ट्रकचंही तेच. फार्गो चांगली की डॉज, यावर आपल्याकडचे ट्रकवाले तासन् तास वाद घालत. दोन्ही सख्ख्या बहिणी होत्या.

ही गोष्ट मला कळली तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी दोन अडते होते. एकाकडे प्लिमथ, दुसऱ्याकडे डॉज. कापसाच्या बंड्या घेऊन आलेले शेतकरी बाजाराच्या आवारात रात्र काढत, आणि कापूस कुणाकडे घालायचा याची चर्चा चाले. डॉज वरच्या दर्जाची, असं कुणीतरी मुंबईहून ऐकून आलेलं. माझे वडील म्हणाले, डॉजवाला बुडणार नाही. त्या साली कापूस तिकडे गेला. पुढे एकदा पिंपळाखाली दोन्ही मोटारींची बॉनेटं उघडी होती आणि मिस्त्री एकीचा भाग काढून दुसरीला बसवत होता. मी विचारलं तर म्हणाला, ‘अरे, पोट दोघींचं एकच. नाक तेवढं वेगळं.’ घरी येऊन मी हे वडिलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डॉजवाल्याकडचा आमचा चुकारा तोवर दोन महिने थकला होता. होळीपर्यंत तो तुकड्या-तुकड्याने आला, पुरा आलाच नाही, आणि थोरल्या बहिणीचं लग्न एक साल पुढे गेलं. मोटारीचा यात काय दोष? पण आम्ही माणसाची पत जाळीवरच्या अक्षरांवरून वाचली होती.

अमेरिकेतही याचा बोभाटा झाला. 1977 मध्ये ओल्ड्समोबिल म्हणून घेतलेल्या गाड्यांत शेव्हरलेटची इंजिनं निघाली, आणि मालक कोर्टात गेले. इंजिन काही वाईट नव्हतं. त्यांनी पैसे मोजले होते ते वरच्या पायरीचे. त्या शिडीच्या पायऱ्या मग एकेक करून निखळल्या. डिसोटो त्याआधीच, 1960 मध्ये, बंद पडली होती. प्लिमथ 2001 मध्ये गेली, ओल्ड्समोबिल 2004 मध्ये, पॉन्टिॲक 2010 मध्ये.

आपल्या वर्ध्याने मोटारींच्या या मानपानाची थट्टा फार आधीच केली होती. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्डची आठवण इथे सांगतात. तिचं इंजिन काढून टाकलं आणि पुढे बैल जुंपले. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून त्या वाहनाचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’! विलायतेच्या विद्यापीठाचं नाव आणि वेग आपल्या बंडीचा.

आणि वर्ध्याला लागूनच नालवाडी आहे. 1932 च्या डिसेंबरात विनोबा तिथल्या दलित वस्तीत राहायला गेले. तिथे त्यांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच पोट भरून पाहिलं, म्हणजे कातणाऱ्या बाईला खरं काय मिळतं ते कळावं म्हणून. मेलेल्या गुरांचं कातडं कमावणारं चर्मालयही नालवाडीत निघालं. गावाने आपल्या उतरंडीत अगदी तळाला ठेवलेलं काम ते, आणि आश्रमातली शिकलेली माणसं ते हाताने करायला बसली. शिक्षकांना एक सुचवतो: मोटारींची ती पाच नावांची शिडी आणि आपल्या गावातली उतरंड फळ्यावर शेजारी-शेजारी काढा, आणि मुलांना काय दिसतं ते विचारा. मुलं आपल्यापेक्षा लवकर बोलतील.

विनोबा मोटारीत बसलेच नाहीत असं मात्र नाही. 1938 च्या मार्चमध्ये त्यांची प्रकृती फार ढासळली, तेव्हा ते नालवाडी सोडून पवनारला गेले ते मोटारीनेच. धाम नदीच्या पुलावरून जाताना आपण सगळ्याचा त्याग केला असं त्यांनी मनाशी तीनदा म्हटलं, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. त्या आठवणीत नदी आहे, पूल आहे, मोटार आहे. मोटार कोणत्या नावाची, हे नाही. पलीकडच्या टेकडीवर जमनालालजींचा बंगला होता, तिथे ते राहिले. तब्येतीसाठी त्यांनी शेतात कुदळीने खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी खणलं ते पाचच मिनिटं.