मिलिटरीचा ड्रायव्हर, बाहेरची लॉरी

मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक पोरगं उठलं आणि म्हणालं, ‘काका, मिलिटरीत ड्रायव्हरकी शिकलेला माणूस बाहेर लॉरीवर बाकीच्यांपेक्षा चांगला निघतो का?’ पोरं फिदीफिदी हसली. विषय चालला होता जातिअंताचा आणि ह्यानं काढलं स्टेअरिंग. पण त्याला भरतीला उभं राहायचंय. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यात नोकरी चार वर्षांची, आणि पुढं शंभरातले फार तर पंचवीस कायम. बाकीचे ऐन तारुण्यात परत गावाकडं. तेव्हा हातात काय उरणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. मला काही हसू आलं नाही. ह्याच प्रश्नावर आमच्या घरातली चूल कधी पेटली, कधी विझली.

माझा बाप १९६० साली फौजेत गेला. तोवर त्यानं हाकली होती ती फक्त बैलगाडी, तीही पाटलाची. फौजेनं त्याला लॉरी दिली. जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान गाड्या निघायला लागल्या होत्या, त्या त्यानं डोंगरातनं चालवल्या. शिकवलं कसं ते म्हातारपणी जेवताना सांगायचा. आधी गाडीखाली झोपायचं. इंजिन, गेअरबॉक्स, पाटे, ब्रेकची नळी, सगळ्याला हात लावून नाव सांगायचं. मग स्टेअरिंग. सकाळी गाडी काढण्याआधी तेल, पाणी, हवा, चाकाचे नट. चाललेला मैल अन् मैल वहीत. कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या गाडीपासून ठरलेलं अंतर, ठरल्या ठिकाणी थांबा, आणि थांबलं की उतरून टायरला हात लावायचा. घाटात ज्या गेअरला चढलास त्याच गेअरला उतर. उतारावर न्यूट्रल केलंस तर शिक्षा.

आता बाहेरची शाळा बघा. ती शाळा म्हणजे उस्ताद आणि क्लिनर. पोरगं बारा-तेराव्या वर्षी गाडीवर चढतं. काचा पुसतं, टॉमी मारून नट खोलतं, स्टेपनी बदलतं, उस्तादाचे कपडे धुतं, शिव्या खातं. दोन-चार वर्षांनी कधीतरी रात्री उस्तादाला झोप अनावर होते, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर त्याच्या हाती स्टेअरिंग येतं. परीक्षा तीच. पण क्लिनर म्हणून गाडीवर घेणार कोणाला? उस्तादाचा भाचा, मालकाच्या गावचा पोरगा, जातीचा, पाहुण्यांतला. एका गाडीत दोघं चोवीस तास, एका कळशीतलं पाणी, एका ताटात जेवण. आमच्या वस्तीतल्या पोराला त्या कळशीपर्यंत कोण पोचू देणार होतं? म्हणून आमच्याकडं ड्रायव्हरकी आली ती फौजेच्या दारानं. आणि फौजेचं दारसुद्धा उघडझाप करणारं. १८९२ नंतर महारांची भरती बंद झाली. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारला अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ पर्यंत मोडली. दुसऱ्या महायुद्धात परत गरज पडली, म्हणून १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट. गरज सरो नि म्हार मरो.

बाप १९७५ साली पेन्शनवर आला. जिल्ह्याच्या गावी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं लागला. मालकाचं नाव लिहीत नाही, तो मेलाय आणि तसले अजून पुष्कळ आहेत. मिलिटरीचा माणूस म्हणून मालकानं आधी पाठ थोपटली. तीन महिन्यांत काढून टाकला. कारण? हा सकाळी अर्धा तास गाडीभोवती फिरतो. पाटा तुटलेला दिसला तर गाडी काढत नाही. रात्री दोन वाजता रस्त्याकडंला लावून झोपतो. आणि मुख्य म्हणजे डिझेल जास्त जाळतो.

ह्या डिझेलची गोष्ट नीट समजून घ्या. मालक खेपेला डिझेल मोजून देतो. लिटरला इतके मैल, हे आधीच ठरलेलं. वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त गेलं ते ड्रायव्हरच्या पगारातनं. मग खंबाटकीचा उतार आला की बाकीचे ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायचे. दहा टनांचा माल मागनं ढकलतोय, इंजिनाची पकड सुटलेली, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पायाखालचा पेडल मऊ पडतो, आणि मग दरी. हे त्या ड्रायव्हरांना कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. पण वाचलेल्या दोन लिटरांत पोराची वही यायची. बापाला फौजेत डिझेल कधी विकत घ्यावं लागलं नव्हतं. तिथं गेअरमध्ये उतरायला पैसे पडत नव्हते, इथं पडत होते.

पण बापाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्यालाही पुष्कळ येत नव्हतं. फौजेत माल म्हणजे खोकी. दोर कुठनं कसा फिरवला म्हणजे कापसाच्या गाठी वळणावर कलणार नाहीत, ताडपत्री वाऱ्याच्या अंगाला कशी दाबायची, हे त्याला एका निरक्षर उस्तादानं शिकवलं. डिझेलची टाकी गळायला लागली तर साबण चोळून पुढच्या गावापर्यंत कसं जायचं, हेही. फौजेत बिघडलेली गाडी सांगायला वर्कशॉप असतं. बिल्टी, जकात नाका, दलालाचं कमिशन, परतीचं भाडं मिळेपर्यंत परगावी गाडीखाली काढायचे चार दिवस, ह्यातलं काहीच फौज शिकवत नाही. तेव्हा त्या पोराला माझं पहिलं उत्तर असं : फौज गाडी सांभाळायला उत्तम शिकवते, धंदा शिकवत नाही. आणि जे उत्तम शिकवते ते बाहेर टिकतं की नाही, हे पगार कसा देतात त्यावर ठरतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती असं स्वच्छ लिहिलं होतं. पण कायदा लागू पाच कामगारांपासून पुढं. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेर. बापाचा मालक आत बसत होता, पण कायदा त्याच्या ऑफिसात कधी आला नाही.

दोस्तहो, हे फक्त आपल्याकडचं नाही. १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं. नाव घेतलं, कविता वाचल्या, पण त्यांच्या लॉरीवाल्यांची ओळख आपण करून घेतली नाही. ती आता करून घेऊ, कारण ह्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा पुरावा तिकडं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेत काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. बहुतेकांना बंदूक न देता कष्टाचं काम दिलं : माल उतरवा, रस्ते करा, लॉरी चालवा. आपल्या आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातनं चीनकडं जो रस्ता काढला, त्यावरच्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांतले साठेक टक्के काळे होते. आपले लोक बंदुकीच्या भरतीसाठी अर्ज करत होते, त्याच काळात त्यांनाही बंदुकीपासून लांब ठेवून चाक हातात दिलं होतं.

१९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त फौजा फ्रान्समध्ये इतक्या वेगानं पुढं गेल्या की पेट्रोल आणि दारूगोळा मागं राहिला. रेल्वे बॉम्बनं उखडलेली. तेव्हा २५ ऑगस्टला लॉऱ्यांची एक साखळी सुरू केली, नाव रेड बॉल एक्सप्रेस. जायचा रस्ता एक, यायचा दुसरा, दोन्हींवर बाकी वाहतूक बंद. चारच दिवसांत जवळजवळ ६,००० गाड्या दिवसाला १२,००० टनांवर माल नेत होत्या. १६ नोव्हेंबरला साखळी थांबली तोवर चार लाख टनांहून जास्त माल गेला होता. आणि ड्रायव्हरांतले चारातले तीन काळे होते.

हे वाचताना छाती फुगते. पण शिस्तीचं काय झालं तेही वाचा. नियम होता ताशी पंचवीस मैल, गाड्यांत साठ यार्डांचं अंतर, ठरल्या वेळी दहा मिनिटं थांबा. म्हणजे बाप सांगायचा तेच सगळं. प्रत्यक्षात ड्रायव्हरांनी वेग अडवणारे गव्हर्नर काढून टाकले. अडीच टनी गाडीवर पाच पाच टन चढवला. टायर फाटले, इंजिनं बसली, झोप अनावर होऊन माणसं खड्ड्यात गेली. कित्येकांना तर दुसऱ्याच कामावरनं उचलून थेट स्टेअरिंगवर बसवलं होतं, शिक्षण नावापुरतं. म्हणजे वरनं ‘आणखी आण, लवकर आण’ असा रेटा आला की फौजेतसुद्धा फौजी शिस्त मोडते. मग बाहेरच्या मालकाच्या रेट्यापुढं ती टिकेल असं कसं धरायचं?

युद्ध संपलं. ज्यांनी अंधारात, दिवे झाकून, दुसऱ्याच्या देशात चार लाख टन माल ओढला, त्यांच्या जातवाल्यांना घरी लांब पल्ल्याची लॉरी मिळाली का? (जातवाले हा शब्द मी मुद्दामच वापरतोय.) ह्याचं उत्तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आकड्यांनी आहे. १९७७ चा निकाल, टीमस्टर्स युनियन विरुद्ध अमेरिकन सरकार. एक देशभर माल नेणारी कंपनी, नाव टी.आय.एम.ई.-डी.सी. १९७१ च्या मार्चअखेर तिच्याकडं ६,४७२ कामगार, त्यात ३१४ काळे. गावातल्या गावात माल पोचवायला काळे चालत होते. पण शहराशहरांमधली लांबची लाइन, जिथं पैसा जास्त, तिथं १,८२८ ड्रायव्हरांत काळे किती? आठ. तेही सगळे खटला सुरू झाल्यावर घेतलेले. १९६९ पर्यंत, एक माणूस सोडला, तर कंपनीनं लांबच्या लाइनवर काळा ड्रायव्हर कायमचा ठेवलाच नव्हता. रेड बॉल १९४४ साली. मधली पंचवीस वर्षं मोजा.

ज्यांनी लाइन मागितली त्यांचे अर्ज दाबले, चुकीची माहिती दिली, भलत्या अटी सांगितल्या. असे चाळीसच्या वर प्रसंग साक्षीत आले. कंपनी म्हणाली, आकडेवारीनं काही सिद्ध होत नाही. कोर्टानं तिच्या शून्यावर बोट ठेवलं. आकड्यांची कितीही कुरतड केली तरी शून्य लपत नाही.

आणि आता ऐका, कारण इथं आपलं दुखणं आहे. हा निकाल काही नुसता विजय नव्हता. युनियनच्या करारात असं होतं की गावातला ड्रायव्हर लांबच्या लाइनवर गेला तर त्याची तिथली ज्येष्ठता शून्यापासून. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस काल आलेल्या गोऱ्या पोराच्या खाली, आणि कपात आली की पहिला घरी. म्हणून पुष्कळांनी लाइन मागितलीच नाही. बढतीच्या यादीत आपलं नाव खाली का सरकतं हे ज्यांनी ऑफिसात सोसलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. कोर्टानं म्हटलं, १९६५ साली समान नोकरीचा कायदा अमलात आला, त्यानंतर ज्यांना डावललं त्यांना मागची ज्येष्ठता मिळू शकेल. पण त्याआधीच्या अन्यायातनं आलेली ज्येष्ठतेची यादी बेकायदा नाही. थर्गुड मार्शल, त्या कोर्टातले एकटे काळे न्यायमूर्ती, ह्या भागाशी असहमत राहिले. आणि युनियन कामगारांची होती, हे विसरू नका. लाल झेंड्याखालीसुद्धा आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे बघत जा.

आता आपल्याकडं या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८ काढून वाचा. फौजेची गाडी चालवायला फौज अठराव्या वर्षी लायसन्स देऊ शकते, साऱ्या देशात चालणारं. आणि त्याच कलमात लिहिलंय की त्या लायसन्सवर दुसरी कुठलीही गाडी चालवता येणार नाही. बाहेर लॉरीला वय वीस पाहिजे, आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात पाहिजे. म्हणजे सियाचीनच्या पायथ्याला रसद नेणारा पोरगा बाहेर आला की आरटीओच्या दारात नवशिका. अमेरिकेत निदान २०११ साली नियम झाला की दोन वर्षं जड गाडी चालवलेल्या सैनिकाला प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा राज्य माफ करू शकतं.

फौजेतनं सुटलेल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडं आधी कोणी विचारलाच नाही असंही नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याखाली १९४५ च्या जुलैत पुनर्वसन आणि रोजगाराचं संचालनालय निघालं, सुटलेल्या सैनिकांना आणि युद्धकामगारांना कामाला लावायला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून आपण ज्याच्या रांगेत उभे राहिलो, ते त्यातनं आलं. १९४८ साली ते सगळ्यांना उघडं झालं. बापाचं कार्ड तिथं होतं. कॉल एकदाच आला, पहारेकऱ्याचा.

त्या पोराला मी सांगितलं, जा भरतीला. पण पहिल्या सुट्टीत हलक्या गाडीचं लायसन्स बाहेरनं काढ, फौजेच्या कागदावर विसंबू नको. सुटताना कुठल्या गाड्या किती वर्षं चालवल्या ह्याचा दाखला सहीशिक्क्यानिशी घे. तो म्हणाला, ‘काका, लायसन्स काढीन. पण आपल्या मार्केट यार्डात ते शून्य किती आहे, ते कोणी मोजलंय का?’

कोणी मोजलेलं नाही. ह्या रविवारी पहाटे पाच वाजता पोरं वह्या घेऊन यार्डात जाणार आहेत. गाडीचा मालक कोण, स्टेअरिंगवर कोण, क्लिनर कुठल्या गावचा, कालपासून किती तास गाडीवर, डिझेल मोजून मिळतं का. पाच रकाने आखलेत. ज्याला यायचंय त्यानं साडेचारला विहाराच्या कट्ट्यावर यावं. चहा माझ्याकडं.