स्टार्टिंग ट्रबल (मोटारगाडी)

किल्ली फिरवल्यावर इंजिन मुळीच न फिरणे, रेंगाळत फिरणे किंवा जोरात फिरूनही पेट न घेणे, या तीन तक्रारींना गॅरेजमध्ये मिळून दिलेले नाव. तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे निदान कानापासून सुरू होते. गाडी सेल्फच घेत नाही (म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर चालतच नाही), की सेल्फ घेते पण चालू होत नाही, एवढे मालकाने नीट सांगितले तरी मेकॅनिकचा बराच वेळ वाचतो. प्रत्यक्षात बहुतेक जण ‘बॅटरी गेली’ एवढेच सांगतात आणि दुकानदार ते आनंदाने मान्य करतो.

विजेवरचा सेल्फ स्टार्टर अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केला आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर तो कंपनीतूनच बसवून आला. त्याआधी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे.

सेल्फ न घेणे किंवा जड घेणे : मोटारीच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण हा आकडा फसवा ठरू शकतो. जुनी बॅटरी विश्रांतीत १२.५ दाखवून सेल्फ मारताच कोसळते. म्हणून मल्टिमीटर लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी उतरली तरी आहे किंवा संपली तरी आहे. आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजल्याशिवाय नवी घेऊ नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, थंडीत तिची ताकद कमी पडते. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देते.

‘कट-कट-कट’ असा सलग आवाज म्हणजे व्होल्टेज पडून सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच) सुटतो आहे आणि पुन्हा ओढला जातो आहे : बॅटरी किंवा जोडण्या पाहाव्यात. एकच ‘टक्’ आला आणि हेडलाइट मंद झाले नाहीत, तर संशय सोलेनॉइडच्या संपर्कांवर किंवा सेल्फच्या कार्बनवर घ्यावा. काहीच आवाज नसेल तर रिले, क्लच स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीतील गिअरची जागा तपासावी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते अर्थिंग, म्हणजे बॅटरीची इंजिनाशी असलेली ऋण जोडणी. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाएवढा रोध असला, तर १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. असा रोध साध्या तपासणीत सापडत नाही, कारण थोडीच वीज ओढणारे दिवे-हॉर्न त्याच वायरवर व्यवस्थित चालतात. तो शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लँपवर नव्हे) आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला तर अर्थिंगची पट्टी, तिचा बोल्ट किंवा टर्मिनल खराब आहे. धन बाजूही अशीच, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजावी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तारेच्या ब्रशने घासावा. काढताना ऋण वायर आधी, लावताना शेवटी.

फिरते पण चालू होत नाही : इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ करताच मागच्या सीटखालून बहुधा दोनेक सेकंद पंपाची घरघर येते. ती नसेल तर फ्यूज, रिले आणि मग पंप पाहावा. सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो, दिवसभर मात्र गाडी अर्ध्या फेऱ्यात उठते, हा नमुना पेट्रोलचा दाब रात्रीतून उतरत असल्याचा असतो. किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यावर गाडी लगेच उठली, तर पंपाची झडप किंवा गळका इंजेक्टर संशयित. पंपाची तक्रार सीएनजी गाड्यांत जास्त दिसते : पुष्कळ गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात आणि मालक टाकीत पेट्रोल नावाला ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा चालला की जळतो.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप उठते, तेव्हा क्रँक सेन्सर पाहावा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही न हलणे ही त्याची खूण असू शकते. प्लग काढून पाहणे अजूनही उपयोगी आहे : ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. जास्त झालेले पेट्रोल घालवण्यासाठी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बऱ्याच गाड्यांत त्यामुळे इंजेक्टर बंद राहतात. डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे हास्यास्पद वाटणारे, पण नेहमीचे कारण.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसते, दाबाच्या उष्णतेवर इंजिन पेटते. म्हणून सेल्फ जरा जड झाला तरी ती रुसते. थंडीत ग्लो प्लग, फिल्टर बदलल्यानंतर लाइनमधली हवा, ही तिथली पहिली कारणे.

तात्पुरते उपाय : सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नये; कॉइल तापते. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला चालतो आणि वारंवार केल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायरी लावताना धन वायर धनाला, चांगल्या बॅटरीची ऋण वायर मात्र बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकतो. गाडी चालू झाल्यावर टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले नाहीत, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरीही उतरत जाईल. नव्या गाड्यांचे काही अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतात. तिथे हेडलाइट लावून पुन्हा मोजावे.