बटण दाबलं म्हणजे सांधा बदलला का?

आजचा विषय आहे मॉडेल रेल्वेच्या वायरिंगचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा मंडळींचा त्याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. तो संबंधच आज आपल्याला पाहायचा आहे.

दोन समांतर रूळ आहेत. एकावरची गाडी दुसऱ्यावर न्यायची, तर मध्ये तिरका जोड लागतो. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे असतात आणि ते दोन्ही बरोबरच बदलावे लागतात. एक बदलला, दुसरा राहिला, तर गाडी तिरक्या जोडावर जाते आणि पुढच्या सांध्यावर घसरू शकते. म्हणून मॉडेल करणारे दोन्ही सांध्यांच्या मोटारी एकाच बटणाला समांतर जोडतात. कॉइलच्या मोटारी असतील तर क्षणभर दुप्पट करंट लागतो, त्यासाठी कपॅसिटर बसवतात. बटण एक, निर्णय एक, सांधे दोन.

खऱ्या रेल्वेत सुरुवातीला ही जबाबदारी सांधेवाल्याच्या स्मरणशक्तीवर होती. १८५६ मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र हलवण्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. पुढे यातूनच इंटरलॉकिंग वाढलं: सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल उतरूच नये. पण ते सक्तीचं व्हायला १८८९ उजाडलं. त्या वर्षी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटे केलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि सुमारे ८० माणसं मेली. तिथे दोष सांध्याचा नव्हता, ब्रेकचा होता. पण त्यानंतर झालेल्या कायद्यानं ब्रेकबरोबर इंटरलॉकिंगही बंधनकारक केलं.

लोखंडी दांड्यांची जागा हळूहळू वायरींनी घेतली. आता आमचं तर्कशास्त्र इथे येतं. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचारांचं बीजगणित मांडलं होतं. १९३७ मध्ये एमआयटीतल्या क्लॉड शॅनन या तरुणानं आपल्या प्रबंधात दाखवलं, की रिलेची सर्किटं हेच बीजगणित पाळतात. दोन खटके एकामागे एक जोडले की 'आणि', समांतर जोडले की 'किंवा'. पुढे १९४६ मध्ये त्याच संस्थेत विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. फळीवर डोंगर, गावं, गाड्या; फळीखाली टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिले आणि वायरींचं जंगल. त्या जंगलात रमलेल्या मुलांपैकी काही जण पुढे संगणकाकडे वळले, आणि 'हॅक' हा त्यांच्या बोलीतला शब्दही तिकडे गेला.

आता मुख्य मुद्दा. पॅनलवर दिवा लावायचा आहे. तो बटणाला जोडला, तर तो फक्त एवढंच सांगतो की हुकूम दिला गेला. सांधा अडकला असेल तरी दिवा लागतोच. म्हणून जाणकार माणूस दिव्याची वायर दोन्ही सांध्यांवरच्या कॉन्टॅक्टमधून, एकामागे एक, आणतो. हा सांधा बसला 'आणि' तोही बसला, तरच दिवा. हुकूम वेगळा, वस्तुस्थिती वेगळी. न्यायदर्शनाच्या भाषेत, हा दिवा म्हणजे केवळ अनुमानाचं लिंग आहे. सांधा आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. दिव्यावरून आपण तो ओळखतो. दिवा आणि सांधा यांची संगत तुटली, की अनुमान कोसळतं.

हे खेळापुरतं राहत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता. १७अ क्रमांकाचा क्रॉसओव्हर मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसलं, की २०१८ मध्ये सर्किट बदललं, पण टर्मिनलवरची अक्षरं तशीच राहिली. अपघाताच्या दिवशी फाटकाचं काम चालू असताना त्यामुळे वायरी चुकीच्या जोडल्या गेल्या. क्रॉसओव्हर कुठे आहे, याची साक्षच खोटी झाली.

स्मरणशक्ती बेभरवशाची म्हणून आपण दांडे आणले, दांड्यांच्या जागी वायरी आणल्या. पण कुठली वायर कशाची, हे पुन्हा माणसालाच लिहून ठेवावं लागतं. वायर बदलली की चिठ्ठी बदलायची, आणि दिवा लागला तरी एकदा उठून सांधा पाहायचा. एवढी सवय फळीखाली वाकलेल्या शाळकरी मुलाला लागली, तरी त्या खेळानं मोठं काम केलं असं आम्ही म्हणू.

आता प्रश्न घेऊ.