वेड्यांच्या इस्पितळापासून दवाखान्यापर्यंत

पनवेल हें पूर्वापार बाजाराचें आणि वाटसरूंचें गांव. येथें १८५२ सालीं नगरपालिका आली. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिकांनीं धूतपापेश्वरचा औषधी कारखाना काढला. आणि कोंकणांतून गोमंतकाकडे जाणाऱ्या महामार्गाचा आरंभही येथूनच होतो. शरीराच्या दुखण्याची विचारपूस अशा गांवास नवी नव्हे. मनाच्या दुखण्याची विचारपूस मात्र आपल्या देशांत दवाखान्याच्या उंबरठ्यावर फार उशिरां आली. ती कशी आली आणि कशानें टिकते, हें त्याच मार्गानें दक्षिणेस गेल्यास समजतें.

वाटेंत रत्नागिरी लागते. तेथील वेड्यांचें इस्पितळ १८८६ चें. त्या काळचा कायदा १८५८ चा; पुढें १९१२ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. दोहोंचा मुख्य प्रश्न एकच होता : कोणास, कोणाच्या हुकुमानें आंत ठेवावें? भिंतीबाहेरच्या दुःखाचा विचार त्यांत नव्हता. आणि भिंतीआंतही जागा किती? भोर समितीनें १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, इंग्लंडांत सुमारें तीनशें माणसांमागें एक खाट असतां हिंदुस्थानांत ती चाळीस हजारांमागें एक होती.

परंतु खाटा वाढवून सुटणारा हा प्रश्न नव्हता. ज्या गृहिणीस रात्र रात्र झोंप नाहीं, ज्या कारकुनाच्या छातींत विनाकारण धडधड होते, त्यांस वेड लागलेलें नसतें. तीं माणसें नेहमींच्या डॉक्टरांकडे जातात, अंगदुखीची तक्रार सांगतात आणि ताकदीची सुई मागून घेतात. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानें हे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेंत आणण्याचें ठरविलें. १९९६ पासून जिल्ह्यांची योजना सुरू झाली. योजना झाली, पण तिचा गुण कोणीं तपासावा?

ही तपासणी मार्गाच्या दुसऱ्या टोंकास, गोमंतकांत झाली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्था यांनीं २००७ सालीं ‘मानस’ नांवाचा प्रयोग आरंभिला. बारा सरकारी आरोग्यकेंद्रें आणि बारा खाजगी दवाखाने घेतले. येणाऱ्या रोग्यास थोडे साधे प्रश्न विचारून मनाचा त्रास हुडकावयाचा, हें सर्वत्र समान. निम्म्या ठिकाणीं निकाल नुसता डॉक्टरांस कळविला. उरलेल्या ठिकाणीं, वैद्यकीचें शिक्षण नसलेल्या पण या कामापुरत्या तयार केलेल्या स्थानिक स्त्रिया रोग्याशीं बोलत, दुखणें समजावून देत आणि तो पुन्हा न आल्यास त्याचा माग घेत. गुण न आल्यास उपचाराची पुढची पायरी. दुखणें भारी असल्यास डॉक्टरांचें औषध. वर मनोविकारतज्ज्ञाची देखरेख.

२०१० सालीं निकाल प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनीं या पद्धतीनें शेंकडा सुमारें ६६ रोगी बरे झाले. नुसता निकाल कळविला तेथें ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र नवी पद्धत असो वा नसो, आंकडा ६४ ते ६६ च्या घरांतच राहिला!

आमच्या मतें या दुसऱ्या आंकड्यांत अधिक बोध आहे. जेथें डॉक्टर रोग्यास ओळखतो, त्याच्या घरचें जाणतो, आणि रोगी पुन्हा त्याच पायरीवर येतो, तेथें पद्धतीचें पुष्कळसें काम जुन्या परिचयानें आधींच होत असावें. जेथें तो परिचय नाहीं, तेथें तो योजनेनें निर्माण करावा लागतो, आणि करतां येतो, हें सरकारी केंद्रांनीं सिद्ध केलें.

पनवेल २०१६ सालीं महानगरपालिका झालें. नव्या वसाहतींतील कुटुंबें घर बदलतात, तसा डॉक्टरही बदलतात. पूर्वीं जें ओळखीनें होत असे, तें आतां वहींत लिहून ठेवल्यावांचून होणार नाहीं. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला आहे. त्या हक्काचा आरंभ मोठ्या इस्पितळांत होत नाहीं. डॉक्टरांनीं रोग्याची झोंप, भूक आणि कामावरील लक्ष यांची नोंद करावी, पुढील भेटीची तारीख घालावी, आणि त्या तारखेस रोगी न आल्यास निरोप धाडावा. घरच्यांनींही ती तारीख सुईच्या तारखेइतकीच पाळावी.