रानवाटा आणि इतिहासवाचन : सातारा व सांगली जिल्ह्यांतील पायवाटांचा अभ्यास

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज प्रशासनाच्या दृष्टीने वेगळे असले तरी त्यांचा पूर्वेतिहास एकत्रित आहे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस सह्याद्रीचा घनदाट अरण्याने वेढलेला कणा, पूर्वेस कमी पावसाच्या उघड्या टेकड्या आणि मधून वाहणाऱ्या कृष्णा, कोयना व वारणा या नद्या, अशी या प्रदेशाची रचना आहे. या रचनेतूनच येथील पायवाटा निर्माण झाल्या.

अलीकडच्या काळात सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह सज्जनगड, दातेगड, वासोटा, सागरेश्वर यांसारख्या ठिकाणी पायी जाणाऱ्या कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. या भ्रमंतीचा विचार बहुधा पर्यटन या एकाच अंगाने केला जातो. वाटेच्या शेवटी असलेला किल्ला किंवा मंदिर इतिहासाचा विषय मानला जातो. तेथे नेणारी वाट मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः वाट हेही इतिहासाचे साधन आहे. ती कोणी पाडली, कोणी राखली आणि ती कशामुळे मोडली, या प्रश्नांच्या उत्तरांत या प्रदेशाचा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने या वाटांचा विचार केला आहे.

सत्ता आणि व्यापार यांच्या वाटा

कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारे घाट हे या प्रदेशातील जुने दळणवळणाचे मार्ग होत. महाड, पार घाट व वाई हा एक मार्ग, तर चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण व कऱ्हाड हा दुसरा. बैलांच्या पाठीवर माल लादून तांडे या घाटांतून ये-जा करीत. कोकणातून मीठ व नारळ वर येई, देशावरून धान्य व गूळ खाली उतरे. घाटावर ज्याचा ताबा त्याच्या हाती जकात आणि लष्करी हालचालींची किल्ली, असा हा व्यवहार होता.

शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणाऱ्या डोंगरावर प्रतापगड बांधून घेतला, यामागे हाच विचार होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला. त्यानंतर त्याच्या सैन्याचा जो पराभव झाला, त्यात जावळीच्या अरण्याचा आणि तेथील अरुंद वाटांचा वाटा मोठा होता. अरण्य हे येथे केवळ पार्श्वभूमी नव्हते. ते संरक्षणव्यवस्थेचे अंग होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी प्रतापगड हा या दोन जिल्ह्यांतील एकमेव किल्ला होय. या नामांकनात ‘भूप्रदेश’ हा शब्द आहे, ही बाब महत्त्वाची आहे. तटबुरुजांइतकेच डोंगर, झाडी आणि वाटा यांनाही त्यात अर्थ आहे.

वासोटा किल्ल्याच्या वाटेवर याचा आणखी स्पष्ट पुरावा मिळतो. पायथ्याच्या ठिकाणाचे नाव मेट इंदवली असे आहे. किल्ल्याच्या वाटेवरील पहाऱ्याच्या चौकीस ‘मेट’ म्हणत. तेथे वस्ती करून राहणारी माणसे वाट राखत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवत. म्हणजे गावाच्या नावातच त्याचे काम नोंदले गेले आहे. महाराजांनी व्याघ्रगड असे नाव दिलेला हा किल्ला दुर्गमतेमुळे पुढे कैदखाना म्हणूनही वापरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलीण हिने हा किल्ला पेशव्यांचा सरदार बापू गोखले याच्याविरुद्ध अनेक महिने लढविला. १८१८ मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने तो घेतला, तेव्हा हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तेथे कैदेत होते.

यात्रेची वाट : कुटुंबाच्या पायी प्रवासाची परंपरा

सैनिक आणि व्यापारी यांच्या वाटांवरून कुटुंबे चालली ती यात्रेच्या निमित्ताने. स्त्रिया, वृद्ध व मुले यांनी एकत्र रानातून चालावे, हा प्रकार या प्रदेशात नवा नाही. वासोट्याजवळील नागेश्वराच्या गुहेकडे महाशिवरात्रीस कोकणातील चोरवणे गावाकडून भाविक डोंगर चढून येतात. सागरेश्वरास श्रावणी सोमवारी परिसरातील गावे लोटतात. सज्जनगडावर दासनवमीस पायी येणाऱ्यांची परंपरा आहे.

सज्जनगडाची चढण इतिहासवाचनाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. पायथ्याच्या परळी गावात जुनी शिवमंदिरे आहेत. वर चढताना दुसऱ्या दरवाजाशी फारसी शिलालेख दिसतो. १६७३ मध्ये हा किल्ला स्वराज्यात आला, पुढे समर्थ रामदास येथे वास्तव्यास आले आणि शके १६०३ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. १७०० मध्ये सातारा व परळी हे दोन्ही किल्ले औरंगजेबाच्या ताब्यात गेले आणि त्यांना अनुक्रमे आझमतारा व नौरसतारा अशी नावे मिळाली. मंदिर, शिलालेख, दरवाजे, तळी आणि समाधी या क्रमाने चालत गेलेल्या मुलास तासाभराच्या चढणीत अनेक शतकांचे थर प्रत्यक्ष दिसतात. वाहनाने थेट वर पोहोचल्यास हा क्रमच हरवतो.

हवापालटाची वाट

आरोग्य व मनोरंजन यांसाठी रानात फिरणे ही कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. १८२८ नंतर गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तेथे आरोग्यस्थान वसविण्यास चालना दिली. १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा इंग्रजांकडे आली आणि वसाहतीस माल्कमपेठ हे नाव मिळाले. कड्यांवरील मोक्याच्या जागांना अधिकाऱ्यांची नावे देऊन तेथपर्यंत फिरण्याचे रस्ते तयार करण्यात आले. ‘पॉइंट’ हा शब्द याच काळात मराठीत रुजला.

या दोन परंपरांतील फरक मूलभूत आहे. यात्रेच्या वाटेवर मुक्काम, पाणवठा, वाटेतील देव आणि स्थानिक माणूस यांना महत्त्व असते. ‘पॉइंट’च्या वाटेवर महत्त्व असते ते दृश्याला. आजच्या कौटुंबिक भ्रमंतीत दोन्हींचे मिश्रण झाले आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने तिचे खरे मूळ यात्रेत आहे.

धरण, अभयारण्य आणि मोडलेल्या वाटा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाटांच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले. कोयना धरणामुळे निर्माण झालेल्या शिवसागर जलाशयात खोऱ्यातील गावे, शेते आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा बुडाल्या. विस्थापित कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांतही जावे लागले. जेथे पूर्वी पायी जाता येई, त्या वासोट्याकडे आज बामणोलीहून होडीने जलाशय ओलांडून जावे लागते. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये घोषित झाली. २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला; त्यांत कास पठार, कोयना व चांदोली यांचा अंतर्भाव आहे.

वन्यजीव संरक्षणाची ही आवश्यकता निर्विवाद आहे. प्रवेशाची नोंद, सायंकाळपूर्वी परतणे, मुक्कामास मनाई हे निर्बंधही योग्यच आहेत. परंतु या प्रक्रियेत अरण्यातील अनेक वस्त्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर वाटांची माहिती असणारी माणसेही गेली. कोणत्या पाणवठ्याला काय म्हणत, कोणत्या खिंडीतून कोकणात उतरता येई, कोणत्या झाडाखाली कोणता देव होता, हे ज्ञान लिखित नव्हते. वासोट्याच्या वाटेवरील दाट झाडी पाहून हे अरण्य अनादि काळापासून निर्मनुष्य असावे, असा समज मुलांचा होणे स्वाभाविक आहे. तो दूर करणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे काम आहे.

सागरेश्वर : माणसांनी उभे केलेले वन

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वराचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. कोयनेत माणसे उठली आणि वन वाढले. सागरेश्वरात माणसांनी उघड्या टेकड्यांवर वन उभे केले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने येथे वृक्षलागवड झाली, हरणांसारखे प्राणी आणून सोडण्यात आले आणि १९८५ मध्ये सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. बारमाही नैसर्गिक पाणवठा नसलेल्या, शेतीने वेढलेल्या टेकड्यांवरील हा प्रयोग महाराष्ट्राच्या वनेतिहासात महत्त्वाचा आहे.

अभयारण्यालगत लहान-मोठ्या प्राचीन मंदिरांचा समूह आहे. जवळचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी येथे झाला. डोंगरापलीकडचे कुंडल हे प्रतिसरकारच्या चळवळीचे प्रमुख केंद्र, तर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी ही आधुनिक उद्योगाची साक्ष. एका दिवसाच्या परिसरभ्रमणात प्राचीन, राजकीय, औद्योगिक आणि पर्यावरणीय इतिहास एकत्र पाहता येतो, असे स्थान विरळाच.

येथे चिकित्सेचा धडाही देता येतो. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद स्तंभलेखातील ‘देवराष्ट्र’ हे महाराष्ट्राशी जोडण्याचा प्रयत्न पूर्वी काही अभ्यासकांनी केला होता. नंतरच्या संशोधनात ते राज्य आंध्रच्या किनारी प्रदेशात दाखविण्यात आले. नावातील साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

निष्कर्ष

१. सातारा व सांगली जिल्ह्यांतील रानवाटा प्रथम सत्ता व व्यापार, नंतर यात्रा, पुढे हवापालट आणि अखेरीस संरक्षित वनातील भ्रमंती अशा क्रमाने वापरात आल्याचे दिसते. नवीन वापराने जुना वापर पूर्णपणे पुसला नाही.

२. कुटुंबासह रानातून चालण्याची प्रथा या प्रदेशात यात्रेच्या रूपाने पूर्वीपासून आहे. ती केवळ आधुनिक पर्यटनाची देणगी नाही.

३. किल्ले व मंदिरे यांना वारसा म्हणून मान्यता मिळाली. वाटा, मेटे व पाणवठे यांना ती अपेक्षित प्रमाणात मिळालेली नाही.

४. कोयना व सागरेश्वर ही वननिर्मितीची दोन भिन्न उदाहरणे आहेत. दोन्ही ठिकाणी माणसाचा इतिहास वगळून वनाचा इतिहास सांगता येत नाही.

५. विस्थापित वस्त्यांतील ज्येष्ठ पिढी आज उतारवयात आहे. त्यांच्या स्मरणातील वाटांची, स्थळनामांची व देवस्थानांची मौखिक नोंद महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांनी एकत्रितपणे तातडीने करणे आवश्यक आहे. ही नोंद झाली, तरच पुढील पिढ्यांची भ्रमंती दृश्य पाहण्यापुरती न राहता इतिहास वाचणारी होईल. ती न झाल्यास वाट उरेल, पण तिचा अर्थ सांगणारे कोणी उरणार नाही.