हिंगण्यास आलेली जपानी पुस्तिका

भिलाईत परदेशी पाहुणा म्हटला, की जुन्या पिढीला पोलाद कारखान्यासाठी आलेले रशियन अभियंते आठवतात. मराठी शिक्षणाच्या इतिहासात मात्र जपान त्याच्या कितीतरी आधी येऊन गेला होता, आणि तोही टपालाने.

१९१५ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली. ती काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविली होती. ही संस्था जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेली. मुलीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि त्यानंतर राष्ट्राची घटक म्हणून शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. त्यातला पहिला शब्द महत्त्वाचा. हिंगण्याच्या माळावर विधवांचा आश्रम चालविणाऱ्या अण्णांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच वर्षाअखेर मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या ५.

जपानी मुली उच्च शिक्षण जपानी भाषेतच घेत होत्या. हिंगण्यानेही मातृभाषेलाच माध्यम केले. इंग्रजी विषय म्हणून राहिली. पदवीचे नावदेखील 'गृहीतागमा'! हा निर्णय स्वस्त नव्हता. कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तोवर शिकलेल्या मुलींनी सरकारी शिक्क्याविना पदवी पत्करली. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, हा त्या काळी घेतलेला आक्षेप मात्र अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. गृहशास्त्र मुलींनीच का शिकावे, याचे समाधानकारक उत्तर जपानकडेही नव्हते.

पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी प्रवासात टोकियोची ती संस्था प्रत्यक्ष पाहिली आणि १९२० साली मातोश्रींच्या नावे विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव तेव्हापासूनचे.

१९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे स्वतः जगप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका करून ते जपानला पोहोचले आणि पुस्तिकेतून परिचित झालेले ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल १९३० मध्ये ते भारतात परतले.